सुईत दोरा ओवता येतो, एसटीची पाटी मात्र दोन दिसते: मेंदूच्या टीबीचं एक प्रकरण

पेशंट २६ वर्षांच्या. सोलापूर जिल्ह्यातलं खेडं. घरातच शिवणकाम: ब्लाउज, साडीचं फॉल-बिडिंग, जूनच्या तोंडावर शाळेचे गणवेश. नवरा, सासू, सासरे आणि तीन वर्षांचा मुलगा. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत, आणि या आजाराच्या पेशंटांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी या एकाच प्रकरणात आणल्या आहेत.

सुरुवात अगदी साधी. संध्याकाळी अंगात कणकण, कपाळ आणि मानेची मागची बाजू दुखणं, जेवणावरची वासना उडालेली. आठवड्याभरात सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. पहिला अंदाज पित्ताचा. मग गावातच रक्त तपासलं, टायफॉइड निघाला म्हणून पाच दिवस इंजेक्शनं झाली. ताप दोन दिवस उतरला आणि परत आला. टायफॉइडवर दिली जाणारी क्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूलाही थोडीफार लागू पडतात, त्यामुळे असा दोन-चार दिवसांचा उतार दिसला की घरचेही निर्धास्त होतात आणि डॉक्टरही.

तिसऱ्या आठवड्यात माहेरी जायला त्या एसटी स्टँडवर उभ्या होत्या, तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीच्या पाटीवरचं गावाचं नाव शेजारीशेजारी दोनदा दिसलं. घरी आल्यावर सगळं ठीक. मशीनवर बसल्या, काम झालं. दोन दिवसांनी रस्त्यापलीकडचा विजेचा खांब दोन दिसायला लागला. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला तर नंबर नाही. अशक्तपणा आहे, शक्तीच्या गोळ्या घ्या, असं सांगून त्यांना परत पाठवलं.

आमच्याकडे, डोळ्यांच्या ओपीडीत, आल्या तेव्हा सासूबाई सोबत होत्या. तक्रार डोळ्यांची आहे हेच त्यांना पटत नव्हतं. "डोळं चांगलं हायत की तिचं. आज सकाळीच सुईत दोरा ओवला तिनं."

सासूबाईंचं निरीक्षण बिनचूक होतं, आणि निदानाची पहिली खूणही त्यातच होती.

एकाचे दोन दिसतात म्हणणाऱ्या पेशंटला पहिला प्रश्न एकच विचारायचा: एक डोळा झाकल्यावर दुसरं चित्र जातं का? एका डोळ्यानंही दोन दिसत असतील, तर दोष त्या डोळ्यातच असतो. मोतीबिंदू, बुबुळाचा आकार, चष्म्याचा नंबर असं काहीतरी. कोणताही एक डोळा झाकला की चित्र एक होत असेल, तर दोन्ही डोळे एका जागी रोखले जात नाहीत. मग दोष स्नायूत, नसेत किंवा थेट मेंदूत शोधायचा. या बाईंना कुठलाही डोळा झाकला तरी एकच दिसत होतं. चित्रं शेजारीशेजारी होती, वर-खाली नव्हती. लांबचं दोन दिसायचं, जवळचं एक. डावीकडे पाहिलं की दोन चित्रांमधलं अंतर वाढायचं.

जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, लांबचं बघताना सरळ व्हावे लागतात. डोळा बाहेरच्या बाजूला, कानाकडे ओढणारा स्नायू म्हणजे लॅटरल रेक्टस. त्याला हुकूम देते ती मेंदूतून निघणारी सहावी नस. ती दुबळी झाली की डोळा आत झुकतो. सुईच्या अंतरावर डोळे एरवीही आतच असतात, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. बिघडतं ते खांबाच्या आणि एसटीच्या अंतरावर. चष्म्याच्या दुकानात एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावतात, तिथे हा दोष सापडण्याची सोयच नाही.

तपासणीत दोन्ही डोळ्यांची नजर ६/६, जवळचं वाचन उत्तम. बाहुल्या सारख्या, उजेडाला नीट आकसणाऱ्या. पापणी पडलेली नाही. चेहरा मात्र किंचित डावीकडे वळवून बसण्याची सवय लागलेली होती, आणि हे त्यांनाही कळलं नव्हतं. चेहरा डावीकडे ठेवला की समोरचं बघताना डोळे उजवीकडे राहतात, डाव्या डोळ्याला बाहेर जावं लागत नाही आणि चित्र एक राहतं. शरीर आपली सोय आपणच लावून घेतं. डावा डोळा बाहेर न्यायला सांगितल्यावर तो मध्यरेषेच्या जरासा पुढे जाऊन थांबला. उजवाही शेवटच्या टोकाला पोचत नव्हता, पण हे बारकाईनं पाहिल्यावरच दिसलं. प्रिझमनं, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचेनं, मोजलेला तिरळेपणा लांबवर ३०, जवळ १४.

मग बाहुल्या मोठ्या करून पडदा पाहिला. दोन्ही डोळ्यांत दृष्टीच्या नसेचं तोंड सुजलेलं, कडा पुसट, शिरा फुगलेल्या. म्हणजे कवटीतला दाब वाढलेला. मान पुढे वाकवून हनुवटी छातीला लावायला सांगितलं तर मान अडली. प्रश्नांची उत्तरं बरोबर यायची, पण मध्ये डोळा लागत होता. तिथून पुढे हे प्रकरण डोळ्यांच्या ओपीडीत राहण्यासारखं नव्हतं. तासाभरात बाईंना दाखल केलं.

सहावी नसच का?

डोळ्यांच्या हालचाली बघणाऱ्या तीन नसा आहेत: तिसरी, चौथी आणि सहावी. मेंदूतल्या संसर्गात सहावी सगळ्यात सहज सापडते, आणि त्याचं कारण तिच्या वाटेत आहे. मेंदूच्या देठाच्या खालच्या भागातून, पॉन्स आणि मेडुलाच्या सांध्यातून, ती निघते. कवटीच्या तळाच्या उतरणीवरून वर चढते, मेंदूचं जाड आवरण भेदते, हाडाच्या टोकापाशी डोरेल्लोच्या अरुंद बोगद्यातून काटकोनात वळते, मग कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळीतून डोळ्याच्या खोबणीत शिरते. बोगद्यापाशी ती जखडलेली असते. दाब वाढून मेंदू खाली सरकला की विहिरीच्या काठावर ताणलेल्या दोरासारखी ती त्या कडेवर ताणली जाते. म्हणून सहावी नस गेली एवढ्यावरून बिघाड तिच्या केंद्रातच आहे असं म्हणता येत नाही. बिघाड कुठेही असू शकतो, दाबाचा फटका मात्र तिला बसतो.

टीबीचा मेंदूज्वर तिच्यावर दोन्ही बाजूंनी घाला घालतो. हा आजार मेंदूच्या तळाशी रमतो. तिथे घट्ट, चिकट स्राव साचतो, नसा आणि रक्तवाहिन्या त्यात लपेटल्या जातात. मेंदूतलं पाणी वाहून जाण्याच्या वाटा तोच स्राव बुजवतो आणि दाब वाढतो. म्हणजे एकीकडून नस थेट सुजते आणि दुसरीकडून ताणली जाते. आमच्या पेशंटच्या बाबतीत डाव्या बाजूला काय आणि उजव्या बाजूला काय, हे पुढे तिच्या डोळ्यांनीच दाखवून दिलं.

पहिल्या रात्री माझ्या मनात शंका एकट्या टीबीची नव्हती. तरुण बाई, डोकेदुखी, दोन्ही नसांची सूज आणि सहावी नस गेलेली; हेच चित्र मेंदूच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ झाल्यावरही दिसतं, म्हणून एमआरआयबरोबर शिरांची तपासणीही मागवली. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजारात, दोन दिसतं, पापणी पडते, संध्याकाळी त्रास वाढतो, पण ताप येत नाही आणि नसेच्या तोंडाला सूज येत नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रानं काळ्या बुरशीचे जे पेशंट पाहिले, त्यांचाही डोळा हलेनासा व्हायचा. पण तिथे बुरशी सायनसमधून खोबणीत शिरते: डोळा दुखतो, सुजतो, पापणी मिटते, सगळ्याच दिशांना हालचाल बंद पडते आणि नजर जाते. इथे डोळा पांढराशुभ्र होता आणि तक्रार एकाच दिशेची. क्रिप्टोकोकस बुरशीचा मेंदूज्वर टीबीसारखाच हळू वाढतो, विशेषतः एचआयव्ही असेल तर. एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली, बुरशीची तपासणीही.

एका शक्यतेसाठी तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते. तीन आठवडे उलट्या, पोटात अन्न नाही आणि डोळे बाहेर वळत नाहीत, या तीन गोष्टी एकत्र आल्या की थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडून होणारा वेर्निकेचा आजारही असू शकतो. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त आणि निर्धोक आहे. ते ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी द्यायचं. आम्ही दिलं. डोळ्यांत काही फरक पडला नाही, तरी ते देणं बरोबरच होतं.

एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाची आवरणं तपासणीसाठी शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टनं उजळलेली, डाव्या बाजूला पॉन्सच्या शेजारी जास्त. पाण्याच्या पोकळ्या जराशा फुगलेल्या. शिरा मोकळ्या. कुठे मोठी गाठ नाही याची खात्री झाल्यावर पाठीतलं पाणी काढलं. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, ही भीती गावोगाव आहे. सासऱ्यांनी तेच विचारलं. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, तिथे फक्त सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात, हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्यांनी सही केली. हे चित्र काढायला पाच मिनिटं लागतात, आणि ती द्यायलाच हवीत.

पाण्यात पेशी २८०, बहुतेक लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी. प्रोटीन २१०. साखर २८, तेव्हा रक्तातली साखर ११२. एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एक एन्झाइम, १४. सीबीनाट या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत टीबीचा जंतू सापडला नाही.

इथे बऱ्याच ठिकाणी गाडी अडते. पाण्यात जंतू फार विरळ असतात, त्यामुळे सीबीनाटमध्ये सापडला तर निदान पक्कं, न सापडला तर काहीच ठरत नाही. भरपूर पाणी पाठवलं आणि ते फिरवून तळाचा गाळ तपासला, तर सापडण्याची शक्यता वाढते. पण साखर कमी, लिम्फोसाइट जास्त, तळाला स्राव, आठवड्यांचा ताप आणि घरात टीबी होऊन गेलेला माणूस, एवढं हातात असताना रिपोर्टसाठी औषध थांबवणं योग्य नाही. हो, घरात टीबी होऊन गेला होता. सासऱ्यांचा फुप्फुसाचा टीबी वर्षापूर्वी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा झाला होता. ही गोष्ट तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेर आली, तीही सासरे पाणी आणायला खाली गेले तेव्हा.

स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं अँटिबायोटिक येण्याआधी या आजारातून सहसा कुणी वाचत नसे. आज वाचतात, पण औषध कधी सुरू झालं यावर बरंच अवलंबून असतं. १९४८ पासून चालत आलेल्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पायऱ्या आजही वापरतात: शुद्ध पूर्ण आणि नसांवर परिणाम नाही ती पहिली, नस गेलेली किंवा गुंगी आलेली ती दुसरी, खोल बेशुद्धी ती तिसरी. आमची पेशंट दुसऱ्या पायरीवर होती. एसटीची पाटी दोन दिसली त्या क्षणीच ती पहिलीवरून दुसरीवर गेली होती.

वजन ४२ किलो. चार औषधांच्या एकत्रित तीन गोळ्या रोज, बरोबर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइडचा आधार पक्का आहे. व्हिएतनाममध्ये ५४५ पेशंटांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेक्सामेथासोन दिलेल्यांमध्ये मृत्यू स्पष्टपणे कमी होते. पहिला डोस त्याच संध्याकाळी गेला.

सहावा दिवस

वॉर्डात रोज डोळे बघायचा एक साधा नेम असतो: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, आणि मग जवळ. मिनिटभराचं काम. सहाव्या सकाळी सिस्टर म्हणाल्या, "पेशंट सलाइनच्या बाटलीकडे बघताना मान मागे टाकतीये." खरंच, बाटली संपली का बघायला सांगितलं की डोळे जागेवर आणि हनुवटी वर. कपाळ धरून ठेवलं तर डोळे वर जाईनात. वरच्या पापण्या मागे ओढल्या गेल्यामुळे बुबुळाच्या वर पांढरी कड दिसत होती. बाहुल्या टॉर्चला मंद प्रतिसाद देत होत्या, पण बोट नाकाजवळ नेलं की चांगल्या आकसत होत्या. पापण्या घट्ट मिटायला सांगून हातानं उघडल्या तर आत डोळे वर गेलेले. म्हणजे वर नेणारे स्नायू आणि नसा शाबूत. त्यांना हुकूम सोडणारी जागा दबलेली.

ती जागा मध्यमेंदूच्या पाठीमागच्या बाजूला आहे. तिच्या अगदी शेजारून पाण्याची नळी जाते आणि तिच्यापुढे तिसरी पोकळी आहे. पाणी तुंबून ही पोकळी फुगली की पहिला दाब इथे येतो. या लक्षणसमूहाला फ्रेंच नेत्रतज्ज्ञ पारिनो यांचं नाव आहे. शुद्ध त्या वेळी आदल्या दिवसापेक्षा थोडीच कमी होती. फक्त गुंगीवर विसंबलो असतो तर उलटीच्या गोळीवर किंवा सोडियमवर बोट ठेवता आलं असतं. सोडियम कमी झालंही होतं, या आजारात ते होतंच. पण सोडियम कमी झाल्यानं नजर वर जायची थांबत नाही. डोळ्यांच्या हालचालींचं मोल मला इथे सगळ्यात जास्त वाटतं: त्या नेमकी जागा सांगतात आणि स्कॅनच्या आधी सांगतात.

सीटी स्कॅनमध्ये पोकळ्या दाखल होतानाच्या मानानं दुपटीच्या आसपास फुगलेल्या. त्याच रात्री न्यूरोसर्जननी शंट टाकला, मेंदूतलं जास्तीचं पाणी कातडीखालच्या नळीतून पोटात सोडणारा. तिसऱ्या दिवशी नजर वर जायला लागली. दहा दिवसांत उजवा डोळा पूर्ण बाहेर जाऊ लागला. डावा मात्र जवळपास होता तसाच. दाब कमी झाल्यावर जी नस सुटली ती दाबानं गेलेली होती. जी अडून राहिली तिच्याभोवती स्राव होता. एमआरआयमध्येही डावीकडेच जास्त उजळलेलं दिसलं होतं, त्यामुळे हा माझा अंदाज मला भक्कम वाटतो.

दरम्यान दोन-दोन दिसण्यानं बाई हैराण. भिंतीला धरून चालायच्या, ताटातल्या भाकरीशेजारी दुसरी भाकरी दिसायची नाही, पण वॉर्डाचं दार दोन दिसायचं. यावर चिकटवायची प्रिझमची फिल्म मिळते. पण तिरळेपणा रोज बदलत असताना ती बसवण्यात अर्थ नसतो. बिननंबरी चष्म्याच्या डाव्या काचेला मायक्रोपोरची चिकटपट्टी लावली, काम झालं. मोठ्या माणसात डोळा झाकल्यानं नजर अधू होत नाही. लहान मुलात मात्र असं महिनोन्महिने करून चालत नाही, तिथे आलटून पालटून पट्टी आणि नजरेवर लक्ष हवंच. आणि दोन दिसत असताना मशीनवर किंवा गाडीवर बसायचं नाही, हे नवऱ्याला बजावून सांगितलं.

चौथ्या आठवड्यात घरी सोडलं. पाचव्या आठवड्यात कल्चरचा, म्हणजे पाठीतल्या पाण्यातून प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आला: टीबीचा जंतू त्यात उगवला होता आणि रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड ही टीबीची दोन्ही मुख्य औषधं त्याला लागू पडत होती. उपचार महिनाभर चालू असल्यामुळे त्या वेळी या रिपोर्टनं काहीच बदललं नाही. त्याची खरी गरज पुढे पडली.

अकरावा आठवडा

स्टेरॉइड आठव्या आठवड्यात संपलं होतं. ताप नव्हता, वजन चार किलोनं वाढलं होतं, डावा डोळा बराचसा बाहेर जाऊ लागला होता. चिकटपट्टी निघाली होती, मशीन पुन्हा सुरू झालं होतं. आणि मग फोन आला: परत दोन दिसतंय.

"पहिल्यासारखंच का?"

"नाही मॅडम. आधी डावीकडं बघितलं की व्हायचं, आता उजवीकडं बघितलं की होतंय. आणि चित्र हलतंय."

एवढ्या नेमक्या शब्दांत फारसं कुणी सांगत नाही. तीन महिने रोज डावीकडे-उजवीकडे बघून बाई स्वतःच्या डोळ्यांच्या जाणकार झाल्या होत्या.

ओपीडीत उजवीकडे बघायला सांगितलं. उजवा डोळा बाहेर गेला आणि टोकाला जाऊन हिसके देऊ लागला. डावा डोळा मध्यरेषेवर थांबला, नाकाकडे वळेना. डावा डोळा नाकाकडे नेणारा स्नायू तिसऱ्या नसेचा. मग तिसरी नस गेली का? पापणी ठीक, बाहुली ठीक, वर-खाली ठीक. पिशवीत त्यांचं शिवणाचं सामान होतं. सुईत दोरा ओवून दाखवा म्हटलं. त्यांनी सुई डोळ्यांसमोर धरली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, आणि दोन्ही डोळे छान नाकाकडे वळले. जो डावा डोळा क्षणापूर्वी उजवीकडे बघताना आत यायला तयार नव्हता, तोच सुईसाठी आत आला. दोरा पहिल्या फटक्यात गेला.

म्हणजे स्नायू धड, तिसरी नस धड, तिचं केंद्रही धड. उजवीकडे बघायचा हुकूम मात्र त्या केंद्रापर्यंत पोचत नव्हता. बाजूला बघताना दोन डोळ्यांनी एकत्र वळावं म्हणून मेंदूच्या देठात खास जोडणी आहे. उजवीकडे बघायचं तर पॉन्समधलं उजव्या सहाव्या नसेचं केंद्र उजव्या डोळ्याला बाहेर जायला सांगतं, आणि त्याच वेळी एक धागा मध्यरेषा ओलांडून डाव्या बाजूनं वर मध्यमेंदूत जातो आणि तिथल्या तिसऱ्या नसेच्या केंद्राला सांगतो की तुझाही डोळा आत वळव. या धाग्याचं नाव मीडियल लॉन्जिट्यूडिनल फॅसिक्युलस, रोजच्या बोलण्यात एमएलएफ. तो तुटला की आत वळणारा डोळा मागे पडतो आणि बाहेर जाणारा हिसके देतो. जवळचं बघण्याचा हुकूम या वाटेनं येत नाही, म्हणून सुईचं काम शाबूत राहतं. हे इंटरन्यूक्लिअर ऑप्थॅल्मोप्लेजिया. तरुणांमध्ये त्याचं नेहमीचं कारण मल्टिपल स्क्लेरोसिस, वयस्करांमध्ये छोटा पक्षाघात. मायस्थेनिया याची हुबेहूब नक्कल करतो, म्हणून नजर एका टोकाला धरून ठेवून स्नायू थकतात का तेही पाहिलं, थकत नव्हते.

एमआरआयमध्ये पॉन्सच्या मागच्या भागात, मध्यरेषेच्या जराशी डावीकडे, कडेनं उजळणारी छोटी गाठ आणि तिच्याभोवती सूज. टीबीची गाठ, ट्यूबरक्युलोमा. आधीच्या स्कॅनमध्ये ती नव्हती, किंवा दिसण्याइतकी नव्हती.

उपचार नीट चालू असताना नवी गाठ. घरच्यांना यातून एकच अर्थ निघणार: औषध लागू पडत नाही. नवऱ्यानं तर बाहेर चौकशी करून दुसरीकडे जाऊन औषध बदलून घ्यायची तयारी ठेवली होती. इथे कल्चरचा तो कागद कामाला आला. जंतू औषधांना दाद देणारा होता. गोळ्या चुकल्या होत्या का? रिकामी पाकिटं सासूबाईंनी डब्यात जपून ठेवली होती, एकही कमी नव्हती. ताप नाही, वजन वाढलेलं, पाठीतल्या पाण्याचे आकडे सुधारलेले. या सगळ्याचा मेळ एकाच गोष्टीशी बसतो: जंतू मरत असताना त्याच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि जुनी दडलेली गाठ सुजून वर येते. याला पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात. काही आठवड्यांनी येते, काही महिन्यांनीही येते, स्टेरॉइड कमी होताना किंवा संपल्यावर येणं नवलाचं नाही. यावर टीबीची औषधं बदलायची नाहीत आणि थांबवायची तर मुळीच नाहीत. स्टेरॉइड परत सुरू करायचं आणि या वेळी फार सावकाश उतरवायचं.

हे सांगायला पाऊण तास गेला. औषधानं मारलेल्या जंतूंमुळे त्रास वाढू शकतो, हे ऐकायलाच विचित्र वाटतं, आणि ते घरच्यांच्या मनात उतरल्याशिवाय पेशंट आपल्याकडे टिकत नाही. खरं म्हणजे डिस्चार्जच्या दिवशीच हे सांगून ठेवलं पाहिजे: सुधारणा होत असताना मध्येच एखादं नवं लक्षण येऊ शकतं, आलं तर लगेच या, गोळ्या सोडू नका. या बाईंना ते सांगितलं होतं, म्हणूनच फोन आमच्याकडे आला.

सहा आठवड्यांत डावा डोळा मध्यरेषा ओलांडून आत येऊ लागला. सहाव्या महिन्यात उजवीकडे पटकन बघितलं तर तो किंचित रेंगाळायचा, एवढंच उरलं. गाठ आकसली.

एथाम्ब्युटॉलबद्दल थोडं. मेंदूच्या टीबीत ते वर्षभर चालतं, आणि ते दृष्टीच्या नसेला इजा करू शकतं. या पेशंटच्या डोळ्यांना आजाराचा धोका होता, दाबाचा होता आणि औषधाचाही. म्हणून दर महिन्याला नजर आणि रंगांची पुस्तिका, प्रत्येक डोळ्याची वेगळी. लाल-हिरव्यातला फरक फिकट होणं ही बहुतेकदा पहिली खूण. त्यांच्या धंद्यात ती तपासणी घरबसल्या होत होती: लाल आणि हिरव्या दोऱ्याची रिळं एकेक डोळा झाकून बघायची आणि रंग विटका वाटला तर त्याच दिवशी कळवायचं. वर्षभर काही वाटलं नाही, आमच्या तपासणीतही काही आलं नाही.

सरकारी नोंदणी झाल्यामुळे गोळ्या मोफत मिळाल्या आणि निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात आले; २०२४ च्या नोव्हेंबरपासून ही रक्कम महिन्याला ५०० ऐवजी १,००० रुपये आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. मुलाला टीबी नव्हता. बीसीजीची लस लहान मुलांना याच, मेंदूच्या टीबीपासून चांगलं संरक्षण देते. मोठेपणी त्या संरक्षणावर भरवसा ठेवता येत नाही. सासऱ्यांच्या आजारपणात घरातल्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळाल्या होत्या का, हे कुणालाच नीट सांगता येईना. २०२१ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात फुप्फुसाच्या टीबीच्या पेशंटबरोबर राहणाऱ्या सगळ्यांचा, मोठ्यांचासुद्धा, यासाठी विचार होतो. सून तरुण आणि धडधाकट होती, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नसेल, तर ते मला फार लागतं. जगातल्या टीबीच्या दर चार पेशंटांमध्ये साधारण एक भारतात आहे; अशा देशात वर्षाच्या अंतरानं त्याच घरात हा आजार परत येतो तो याच वाटेनं.

बारा महिने पूर्ण झाल्यावर गोळ्या थांबवल्या. डावा डोळा बाहेरच्या टोकाला दोनेक मिलिमीटर कमी जातो. समोर बघताना तिरळेपणा लांबवर ६ प्रिझम, तो त्या स्वतःच सांभाळून घेतात, दोन दिसत नाही. चेहरा सरळ झाला आहे. अशा वेळी शस्त्रक्रिया करत नाही. करायची तर माप निदान सहा महिने स्थिर राहिल्यावर, आणि यांना प्रिझमचीही गरज उरलेली नाही. पूर्ण डावीकडे वळून बघायचं झालं तर मान वळवायची. शंट कायमचा आहे. डोकेदुखी आणि उलट्या परत सुरू झाल्या, गुंगी आली, नजर वर जाईनाशी झाली किंवा पुन्हा दोन दिसू लागलं, तर सकाळची वाट न बघता निघायचं, हे नवऱ्याला आणि सासूबाईंना पाठ आहे. पाच दिशांची मिनिटभराची तपासणी सासूबाई आता रोज संध्याकाळी स्वतः करतात. पुढची भेट सहा महिन्यांनी, एमआरआयसह.